रद्द झालेला होमरन

मी दिलेला बॉक (बेसबॉलमध्ये धावपटू बेसवर असताना पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, केलेली नियमबाह्य हालचाल) बरोबर होता, हे आधीच सांगून टाकतो. चुकला असता तर एवढं डोकं खाल्लं नसतं.

न्यू जर्सीतला हायस्कूलचा सामना. सहावी इनिंग, पाहुणा संघ एका रनने मागे, पहिल्या बेसवर धावपटू. अंपायर दोघंच: सहकारी कॅचरच्या मागे, मी पिचर आणि सेकंड बेसच्या मधे. सेट पोझिशनमधल्या, म्हणजे फेकण्याआधीच्या ठरलेल्या पवित्र्यातल्या, पिचरने अशा वेळी हात एकत्र आणून पूर्ण थांबायचं असतं. शाळांच्या नियमपुस्तकात तिथेच कंसात म्हटलंय की नुसती दिशा बदलली तर ते थांबणं धरायचं नाही. माझं सगळं लक्ष त्या कंसावर. या पोराचा ग्लोव्ह छातीवरून पट्ट्यापर्यंत उतरायचा, टेकल्यासारखा व्हायचा आणि वर. सुरुवातीला कसाबसा थांबत होता. दमल्यावर तेही गेलं.

मी 'बॉक!' ओरडलो आणि त्याच चेंडूवर बॅटरने थेट कुंपणापार हाणला.

मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या वरच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये, असता तर होमरन मोजला असता, बॉक सोडून दिला असता. क्रिकेटमध्ये नो-बॉलवरचा षटकार कुणी काढून घेतं का? पण शाळांच्या नियमात बॉक दिला की चेंडू तिथेच डेड. धावपटूला सेकंड बेस, बॅटर पुन्हा प्लेटवर. आगळीक पिचरची, दोन रन बुडाले समोरच्यांचे! हे कलम लिहिणाऱ्याने कधी मैदानात उभं राहून पाहिलंय का, कोण जाणे.

पाहुण्यांचा कोच तणतणत आला. बहुतेक कोचांसारखे यालाही टीव्हीवरचेच नियम पाठ. समजावल्यावर म्हणाला, "म्हणजे तुम्ही गप्प बसला असता तर आमचं भलं झालं असतं!" झालंच असतं.

सहकारी जुनं खोड. पार्किंगमध्ये म्हणाला, "शब्दाला एवढं धरू नकोस." आणि १९८८ची आठवण काढली. त्या वर्षी मेजर लीगने पिचरच्या थांबण्याबद्दलची भाषा कडक केली, हंगामात नऊशेच्या वर बॉक दिले गेले, आणि पुढच्या वर्षी ती भाषा गुपचूप मागे घेतली. "जरा उशिरा ओरडावं रे," म्हणे. म्हणजे चेंडू कुठे जातो ते बघून! अशी अंपायरिंग करणारे पुष्कळ आहेत, कोचांचे लाडकेही तेच.

नियम बदलायलाच हवा. पण तोवर त्या पोराचा ग्लोव्ह थांबला नाही तर मी तिथल्या तिथे ओरडणार, चेंडू कुठेही जावो.