भंडाऱ्याला कड नसते

सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे दिवाळी अंकांचा हंगाम. त्यातलंच एक मुखपृष्ठ रंगवायला माझ्याकडे आलं, ते चहा पिऊन. जेजुरीचा गड, पायऱ्या, दीपमाळा, गर्दी आणि वर उधळलेला भंडारा. सगळं कार्ट्रिज पेपरवर, टाकाने, काळ्या शाईत. संपादकांच्या टेबलावर कुणाच्या तरी कोपराने कप लवंडला होता. शाई वॉटरप्रूफ म्हणून रेष पसरली नव्हती, पण निम्म्या आभाळावर तपकिरी डाग. चित्र पुन्हा काढून मिळणार नव्हतं. ते काढणाऱ्या काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि फाइल दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात हवी होती.

त्यात काकांची जुनी सवय. कच्चं रेखाटन ते फिकट निळ्या पेन्सिलीने करतात आणि खोडत नाहीत. छपाईसाठी कॅमेऱ्याने निगेटिव्ह काढायचे तेव्हा हा निळा फिल्मवर उमटतच नसे. स्कॅनर मात्र सगळं पकडतो.

रेषाचित्र म्हटल्यावर ग्रेस्केलमध्ये स्कॅन करायचा मोह होतो. इथे तसं केलं असतं तर चहा आणि पेन्सिल दोन्ही राखाडी होऊन शाईत मिसळले असते. मी रंगीत स्कॅन केलं, 600 डीपीआयला, आणि फोटोशॉपमध्ये एकेक चॅनेल उघडून पाहिलं. चॅनेल म्हणजे चित्रातला लाल, हिरवा किंवा निळा एकटा दाखवणारी राखाडी प्रत, जिथे तो रंग जास्त तिथे उजळ. लाल चॅनेलमध्ये चहा जवळजवळ गायब, कारण तपकिरीत लाल भरपूर असतो. पण निळी पेन्सिल तिथे ठसठशीत. निळ्या चॅनेलमध्ये नेमकं उलट, पेन्सिल गुल आणि चहा काळपट. शाई दोन्हीकडे काळीच! मग लाल चॅनेल खाली ठेवलं, निळं वर, आणि वरच्या लेअरला लायटन मोड दिला. त्यात प्रत्येक ठिकाणी दोघांपैकी जो पिक्सेल उजळ, तो राहतो. डागही गेला, पेन्सिलही गेली. लेव्हल्स ओढून काळं-पांढरं ठळक केल्यावर रेष स्वच्छ उभी राहिली. खरं सांगायचं तर मी खुर्चीवरून उठून शेजारच्या डीटीपीवाल्याला बोलावून आणलं. डाग आणि पेन्सिल एकमेकांवर आले होते तिथे दोन्ही चॅनेल मळकटच होती. तेवढं झूम करून हाताने पुसलं, त्यात जेवायची वेळ टळून गेली.

दगड, पायऱ्या, फेटे, लुगडी पटापट झाली. अडलं ते भंडाऱ्यापाशी. काकांनी त्याला बाह्यरेषाच दिली नव्हती, नुसते टाकाचे ठिपके. रंग भरायच्या बकेटला काय, भाग निवडायच्या मॅजिक वाँडला काय, कड लागते. मऊ ब्रशने पिवळा मारून पाहिला तर गडावर धुकं उतरल्यासारखं दिसायला लागलं.

तेव्हा त्या चहाची आठवण झाली. लाल चॅनेलमधून निळं वजा केलं की नेमका डाग तेवढा उरतो, शाई नाही, पेन्सिल नाही. तो डाग मी मास्क, म्हणजे रंगाचा साचा, म्हणून वापरला आणि त्यात पिवळा भरला. कागदाच्या रव्यात चहा जसा कमीजास्त मुरला होता, तसाच पिवळा विरळ-दाट उमटला. कुठलाही तयार ब्रश असं करत नाही.

संध्याकाळी काका काळा चष्मा लावून आले. बराच वेळ स्क्रीनकडे पाहून म्हणाले, "छान आहे. पण याला कड आहे. भंडाऱ्याला कड नसते गं."

बरोबरच होतं. वाळताना चहातले कण काठाकडे जमतात, म्हणून डागाची किनार गडद होते. मी किनार कापून टाकली, फक्त आतला भाग ठेवला, त्याचेच तुकडे फिरवून वरपर्यंत नेले. खालून वर विरळ होत जाणारे, कारण भंडारा हाताने वर उधळतात.

मग पिवळ्यावरून सुरू झालं. माझा पिवळा होता छपाईच्या शाईंत यलो 100 टक्के आणि मॅजेंटा, म्हणजे गुलाबीसर लाल, 25 टक्के. काकांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पिवळा लख्ख दिसत होता, न झालेल्याला मळका. मोतीबिंदूचं भिंगच पिवळट झालेलं असतं, त्यातून रंग खरा दिसणार कसा? "मग इतकी वर्षं मी कोणता पिवळा लावत होतो?" ते स्वतःशीच म्हणाले. यावर काय बोलणार! मी छापील शेडकार्ड पुढे ठेवलं, त्यांनी नव्या डोळ्याने बोट ठेवलं आणि मॅजेंटा 15 वर आला.

छपाईत प्रत्येक शाईची प्लेट वेगळी असते. रेष मी फक्त काळ्या प्लेटवर ठेवली, ओव्हरप्रिंट करून, म्हणजे बाकीच्या रंगांवरून छापली जाईल अशी. आरजीबीची, म्हणजे स्क्रीनच्या रंगांची फाइल तशीच सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत बदलली की काळी रेष चार शाईंची होते, आणि प्लेट केसभर जरी हलली तरी तिला रंगीत सावली येते. टाकाच्या रेषेवर हे फार वाईट दिसतं.

रात्री फाइल पाठवली. प्रूफ आल्यावर काकांचा फोन, पायऱ्यांवर भंडारा अजून हवा होता म्हणे. "दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की नीट बघून सांगतो."

"काका, तोवर अंक स्टॉलवर गेलेला असेल."

"मग पुढच्या वर्षी," ते म्हणाले.