मराठी अक्षरांचे टी-शर्ट : फाइलपासून हिशेबापर्यंत, कामाची नोंद

सध्याची स्थिती : ‘दुपारी १ ते ४ बंद’ हे पाटीचं डिझाइन काळ्या आणि मरून कापडासाठी तयार आहे. ‘दुसऱ्या मिनिटाला निघतो’ अजून अडलंय, कारण खाली येईलच. दोन्हींत चित्र नाही, फक्त अक्षरं. मागणीनुसार छापून देणाऱ्या साइटवर मांजरी आणि सूर्यास्त पोत्यानं पडलेत. मराठी अक्षर नीट बसवलेला शर्ट मात्र शोधून काढावा लागतो.

फॉन्ट. पाटीसाठी यात्रा वन घेतला. मुंबई लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून तो सुचलेला आहे, त्यामुळे ऑइलपेंटचा बाज आपोआप येतो. जाड, गोलसर अक्षर हवं असेल तर ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा बलू. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, म्हणजे छापील माल विकायला वेगळे पैसे लागत नाहीत. डीटीपीच्या दुकानातून पेनड्राइव्हवर आलेला फॉन्ट वापरू नका; त्याचा परवाना कोणाकडे आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणंही तपासा. बऱ्याच फॉन्टमध्ये मूळ रूप हिंदी वळणाचं असतं. ‘टायरो देवनागरी मराठी’ या फॉन्टमध्ये ती वळणं आधीपासून बसवलेली आहेत.

टाइप करताना ‘दुसऱ्या’मध्ये नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ लागतो. साधा र, हलन्त आणि य दिलात की ‘दुसर्या’ उमटतं आणि पहिली कॉमेंट त्यावरच येते. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील, वेलांटी भलत्या बाजूला जात असेल, तर टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय चालू करा. इंकस्केप या मोफत प्रोग्रॅममध्ये हा त्रास नाही.

आता शिरोरेषा. मजकुराचं पाथमध्ये (म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकारात) रूपांतर केलं की प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळा तुकडा होते. स्क्रीनवर ती सलग दिसते, पण पाचपट मोठं करून पाहा : दोन अक्षरांच्या मध्ये केसाएवढी फट असते, नाहीतर एकावर एक चढलेली कड. काळ्या कापडावर पांढरी अक्षरं असली की ही फट उठून दिसते. म्हणून सगळे पाथ निवडून युनियन करायचं, म्हणजे एकसंध आकार करायचा, आणि मगच बॉर्डर द्यायची. आधी बॉर्डर दिलीत तर प्रत्येक सांध्यावर उभी रेघ येते.

फाइल : ४५०० × ५४०० पिक्सेल, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), एसआरजीबी रंगपद्धत, पारदर्शक पीएनजी. ॲमेझॉनच्या मागणीनुसार छपाईच्या सेवेचं, म्हणजे ॲमेझॉन मर्चचं, माप हेच आहे आणि छापात ते १५ × १८ इंच होतं. भारतातल्या छपाईवाल्यांचं क्षेत्र बहुधा याहून लहान असतं, तेव्हा त्यांचा टेम्प्लेट उतरवून त्याच मापात काम करा. कडा धूसर नकोत. गडद कापडावर डीटीजी (थेट कापडावर छपाई) आणि डीटीएफ (फिल्मवर छापून कापडावर चिकटवणं) दोन्हींत रंगाला पांढऱ्या शाईचा आधार असतो. अर्धपारदर्शक पिक्सेलपाशी हा पांढरा डोकावतो आणि अक्षराभोवती भुरकट कड दिसते. जिंप या चित्रांच्या मोफत प्रोग्रॅममध्ये लेयर, ट्रान्सपरन्सी, थ्रेशोल्ड अल्फा केलं की काम होतं. काळ्या शर्टवर काळा रंग छापायचाच नाही. तो भाग कापून टाका, कापडच दिसू द्या. छापही मऊ राहतो.

‘दुसऱ्या’चं घोडं अडलंय ते इथे. ३०० डीपीआयला १ मिलिमीटर म्हणजे साधारण १२ पिक्सेल. ‘ऱ्या’मधली आडवी वळणदार रेघ १४ पिक्सेलची आहे, एल मापावर १.२ मिलिमीटर. एस मापासाठी तोच छाप ८० टक्के केला की ती ०.९५ वर येते. डीटीएफमध्ये गोंदाच्या पावडरला १ मिलिमीटरखालच्या रेघेवर पुरेशी पकड मिळत नाही आणि काही धुण्यांत ती सुटायला लागते. उपाय म्हणजे तेवढ्या रेघेचे नोड (आकार ठरवणारे बिंदू) हलवून ती १८ पिक्सेल करणं. सगळा फॉन्ट जाड केलात तर ‘ट’ आणि ‘ल’ची पोटं बुजतात.

कापड १८० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), बायोवॉश (एन्झाइमनं धुऊन मऊ केलेलं) सुती. नमुना मागवल्याशिवाय विक्री सुरू करू नये. नमुना उलटा करून थंड पाण्यात धुवा आणि धुण्याआधी-नंतर छातीचं माप घ्या. डीटीजीच्या गडद शर्टवर चौकोनी डाग दिसला तर घाबरू नका. ते छपाईपूर्वीचं द्रावण असतं, पहिल्या धुण्यात जातं.

हिशेब, उदाहरणादाखल. विक्री ५९९ रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांना ५ टक्के जीएसटी, म्हणजे हाती ५७०. खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं (तो विक्रीच्या करातून वजा होतो) असं धरून शर्ट आणि छपाई ३३०, कुरिअर ७०, पेमेंट गेटवे १४. उरले १५६. आता कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल ग्राहकानं घेतलंच नाही, तर ३३०, जातानाचे ७० आणि येतानाचे ७० असे ४७० गेले : तीन विक्रींची कमाई. या धंद्यात त्याला आरटीओ, म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’, म्हणतात (गाडीवालं नव्हे). परत आलेला शर्ट छपाईवाला ठेवून घेत नाही आणि ‘माप बसलं नाही’ला बदलूनही देत नाही. त्यामुळे सुरुवातीला फक्त आगाऊ पैसे, आणि मापांचा तक्ता इंचात, पहिल्याच फोटोंमध्ये.

महाराजांच्या नावाचा शर्ट हा पहिला मोह असतो. बोधचिन्हे आणि नावे यांच्या १९५० च्या कायद्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे; केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारी वापराला मनाई आहे. बाजारात सर्रास विकतात म्हणून आपल्याला चालतं असं नाही. सिनेमातले संवादही नकोत. तक्रार आली की साइट डिझाइन काढते आणि पुन्हा झालं तर खातंच बंद करते.

परदेशातल्या मराठी ग्राहकासाठी रेडबबल ही मागणीनुसार छापून देणारी साइट. तिथे मूळ किमतीवर २० टक्के मार्जिन आधीपासून लावलेलं असतं, ते हातानं बदलता येतं. २०२३ पासून स्टँडर्ड खात्याच्या कमाईतून शुल्क कापलं जातं, तेव्हा मार्जिन ठरवताना ते धरूनच हिशेब करा. ॲमेझॉन मर्चवर अमेरिकी कराचा डब्ल्यू-८बीईएन फॉर्म भरताना पॅन द्या आणि भारत-अमेरिका कराराचा १५ टक्के दर मागा. नाहीतर अमेरिकेतल्या रॉयल्टीवर ३० टक्के कापतात. टॅग देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्ही द्या, कारण शोधणारा फोनवर बहुधा रोमनमध्येच टाइप करतो. गणेशोत्सवासाठीची डिझाइनं दीड-दोन महिने आधी चढवा. तिकडच्या मंडळांची खरेदी आरतीच्या आदल्या दिवशी होत नाही.