चार कोअर, पाच टास्क आणि हुकलेली डेडलाइन

रिअल-टाइम प्रणालीत, म्हणजे जिथे प्रत्येक काम ठरलेल्या मुदतीत (डेडलाइनमध्ये) संपलेच पाहिजे अशा संगणक प्रणालीत, एका प्रोसेसरऐवजी चार आले की कामे वेळेत होण्याची खात्री आपोआप वाढते, असा समज प्रकल्पांच्या बैठकांत वारंवार ऐकू येतो, आणि तो धोकादायक आहे.

एका प्रोसेसरपुरते चित्र स्वच्छ आहे. ज्याची डेडलाइन सर्वांत जवळ त्या टास्कला (कामाला) आधी चालवायचे, या ईडीएफ (अर्लिएस्ट डेडलाइन फर्स्ट) पद्धतीत एकूण भार, म्हणजे प्रोसेसरच्या वेळेपैकी सर्व टास्कना लागणारा हिस्सा, १००% पर्यंत गेला तरी एकही डेडलाइन हुकत नाही, हे लियू आणि लेलँड या संशोधकांनी १९७३ मध्ये सिद्ध केले. (त्यात टास्क एकमेकांवर अवलंबून नसतात आणि प्रत्येकाची डेडलाइन म्हणजे तो पुन्हा तयार होण्याची पुढची वेळ, हे गृहीत आहे.)

आता हीच पद्धत चार कोअरवर, म्हणजे एकाच चिपवरच्या चार प्रोसेसरांवर, लावू. दर १०० मिलिसेकंदांनी केवळ २ मिलिसेकंद चालणारे चार हलके टास्क आहेत, आणि दर १०१ मिलिसेकंदांनी १०० मिलिसेकंद चालणारा एक जड टास्क आहे. सगळे एकाच क्षणी तयार झाले, तर हलक्यांची डेडलाइन आधीची असल्यामुळे चारही कोअर त्यांना मिळतात. जड टास्क दुसऱ्या मिलिसेकंदाला सुरू होतो, १०२ व्या मिलिसेकंदाला संपतो आणि त्याची डेडलाइन हुकते. तोवर तीन कोअर जवळजवळ पूर्ण वेळ रिकामे बसलेले असतात, पण एक टास्क एका वेळी एकाच कोअरवर चालू शकत असल्याने त्यांचा काही उपयोग होत नाही. एकूण भार किती? चार कोअरपैकी जेमतेम १.०७ कोअरचा. १९७८ मध्ये धल आणि लियू यांनी दाखवलेला हा परिणाम आजही ‘धल इफेक्ट’ म्हणून ओळखला जातो.

लिनक्सच्या कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) २०१४ पासून, म्हणजे ३.१४ आवृत्तीपासून, डेडलाइन शेड्यूलर, म्हणजे ईडीएफने टास्कचा क्रम ठरवणारा भाग, आहे. नवा टास्क स्वीकारताना तो मुख्यतः एकूण भाराची बेरीज पाहतो आणि मूळ मर्यादा ९५% धरतो. चार कोअरवर ती ३.८ होते, म्हणून वरचा संच सहज स्वीकारला जातो. त्यामुळे स्वीकारलेला टास्क वेळेत संपेलच असे मानणे चूक आहे. २००३ मध्ये गूसेन्स, फंक आणि बरुआ यांनी दिलेली कसोटी मला अधिक विश्वासार्ह वाटते, कारण ती सर्वांत जड टास्कचाही विचार करते: त्याचा भार एक सोडून उरलेल्या कोअरच्या संख्येने (इथे तीनने) गुणून एकूण कोअरमधून वजा करायचा, आणि सर्व टास्कच्या भारांची बेरीज त्या मर्यादेत बसवायची. आपल्या उदाहरणात ती मर्यादा सुमारे १.०३ येते, आणि संच नाकारला जातो.

यावरचा एक उपाय म्हणजे टास्क कोअरांमध्ये कायमचे वाटून टाकणे: जड टास्कला स्वतंत्र कोअर द्या, चारही हलके दुसऱ्या एकाच कोअरवर ठेवा. दोन कोअरमध्ये सगळे वेळेत होते. अर्थात अशी वाटणी प्रत्येक वेळी जमत नाही. दर १०० मिलिसेकंदांत ५१ मिलिसेकंद मागणारे पाच टास्क चार कोअरवर वाटता येत नाहीत, कारण कोणतेही दोन एका कोअरवर मावत नाहीत. १९९६ च्या पीफेअर पद्धतीने, वेळेचे बारीक तुकडे पाडून टास्क कोअरांमध्ये हलवत ठेवल्यास, तेही बसवता येतात; मात्र प्रत्येक स्थलांतराची किंमत कॅशमध्ये, म्हणजे कोअरजवळच्या जलद स्मृतीत, मोजावी लागते. म्हणून सुरक्षेशी निगडित कामात मी आधी वाटणीच करून पाहतो, आणि ती बसली नाही तरच टास्क हलवण्याचा विचार करतो.