चालत जाता येईल अशी घसरगुंडी

अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्रॉस्पर भागात घर बघायला निघालेलं मराठी जोडपं आधी शाळेचं रेटिंग बघतं, मग चौरस फूट, मग दार पूर्वेला आहे का ते. घसरगुंडी कुठे आहे हे सहसा विचारलं जात नाही, कारण ती बिल्डरच्या माहितीपत्रकात आधीच रंगीत छापलेली असते. पण घरापासून तिच्यापर्यंत पाय कुठून टाकायचे, हे त्या चित्रात नसतं.

फ्रिस्कोची लोकसंख्या २००० साली ३४ हजारांच्या आत होती, २०२० साली दोन लाखांवर गेली. इतक्या झपाट्याने वाढलेल्या गावात घरं वसाहती-वसाहतींनी उभी राहतात. प्रत्येक वसाहतीला विटांची भिंत, भिंतीबाहेर सहा पदरी रस्ता, त्यावर ताशी ४०-४५ मैलांनी पळणाऱ्या गाड्या. आतले रस्ते वळणावळणाचे आणि पुष्कळसे पुढे बंद. त्यामुळे मागच्या कुंपणाच्या फटीतून झोपाळे दिसतात, पण तिथे पोचायचं तर सगळ्या वसाहतीला वळसा. डार्ट या डॅलसच्या सार्वजनिक वाहतूक सेवेची लोकल शेजारच्या प्लॅनो शहरापर्यंत धावते. फ्रिस्को त्या सेवेचं सभासद शहर नाही. म्हणजे दूध आणायलाही गाडीची किल्ली.

क्लॅरेन्स पेरी नावाच्या अमेरिकन नियोजकाने १९२९ साली आदर्श वस्तीचा आराखडा मांडला होता: साधारण १६० एकर, मधोमध प्राथमिक शाळा, मुलांना चालायला पाव मैल, दहा टक्के जागा मैदानांना आणि मोठे रस्ते फक्त कडेने. पुढच्या उपनगरांत कडेचे मोठे रस्ते अगदी जोमाने आले. आतली पायवाट कुठे आली, कुठे राहून गेली.

म्हणून घर पसंत करण्याआधी फोनवरच्या नकाशात चालण्याचा पर्याय निवडून दारापासून मैदानापर्यंतचं अंतर बघावं. अर्धा मैल म्हणजे मोठ्या माणसाची दहा मिनिटं; तीन वर्षांचं मूल बरोबर असेल तर त्याची दुप्पट, आणि वाटेत गोगलगाय भेटली तर मग विचारूच नका. मोठा रस्ता ओलांडावा लागत असेल तर अंतर कितीही कमी असो, ते मैदान आपलं नाही असंच धरावं.

गाडीने जायच्या मैदानाचं दुखणं अंतर हे नसतंच. टेक्सासच्या कायद्यानुसार आठ वर्षांखालचं मूल, चार फूट नऊ इंचांहून उंच नसेल, तर कार सीटमध्येच हवं. दोन मुलं म्हणजे दोन सीट. पट्टे सरळ करा, छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत आणा, खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत आला तर तो सैल आहे. उन्हात तापलेलं बक्कल मांडीला लागलं की एक रडारड. एवढा खटाटोप झाल्यावर वीस मिनिटांत परतायला कोणाचं मन होईल? ‘आलोच आहोत तर’ म्हणत थांबायचं, मुलं दमून चिडेपर्यंत. खेळणं हा मग शनिवारचा कार्यक्रम होऊन बसतो. चालत जाता येणारं मैदान वरण शिजेपर्यंतच्या वेळातही चालतं. रोज थोडं थोडं, बिनतयारीचं.

आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांचं काय? ते गाडी चालवत नाहीत. मुलगा-सून कामावर गेले की प्रशस्त घरात अडकून पडतात. साडीवर स्पोर्ट्स शूज घालून आजींना कोणालाही न विचारता जाता येईल अशी जागा म्हणजे हे मैदान. त्यामुळे बाक सावलीत आहे का आणि त्यावरून घसरगुंडी दिसते का, हे बघणं मला ग्रॅनाइटच्या ओट्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. बरेचदा बाक भर उन्हात असतो आणि सावलीचं कापड फक्त खेळण्यांवर ताणलेलं.

आता खाली बघू. अमेरिकेत मैदानावर मुलाला खरं वाचवते ती जमीन. खेळण्याखाली बहुधा लाकडाचा भुसा-चिपा असतात. तो थर नऊ इंच टिकायचा तर भरताना बारा इंच भरावा लागतो, कारण तो दबतो. शिवाय खेळण्याच्या चारी बाजूंना सहा फूट तरी हा थर हवा. सगळ्यात आधी तो झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी उडतो, म्हणजे नेमका जिथे मूल पडतं तिथेच. पाय ओढून ओढून तिथे खळगा होतो आणि खालची कडक माती किंवा काळं कापड दिसायला लागतं. बुटाने बाजूचा भुसा आत लोटला तर दोन दिवस भागतं. नवी भरणी वसाहतीच्या एचओएकडूनच, म्हणजे घरमालकांच्या संघाकडूनच. त्यांना ‘भुसा कमी झालाय’ एवढंच लिहून भागत नाही. खळग्यात फूटपट्टी उभी करून काढलेला फोटो जोडला की उत्तर लवकर येतं.

कठड्यातली फट साडेतीन इंचांहून मोठी आणि नऊ इंचांहून लहान असेल तर ती धोक्याची: अंग निसटतं, डोकं अडकतं. टोपीच्या जॅकेटची दोरी, ओढणी, गळ्यातला गोफ घसरगुंडीच्या टोकाला अडकून फास बसतो. सायकलचं हेल्मेटही खेळताना काढायचं, तेसुद्धा फटीत अडकतं.

मुलाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येणं मात्र सगळ्यांना प्रेमाचं वाटतं, आणि गोम तिथेच आहे. मूल एकटं येताना बुटाचा रबरी तळ कडेला घासला तर ते थांबतं, फार तर वाकडं होतं. मागे सत्तर किलोचे बाबा असले की वजन थांबत नाही. पाय अडकलेला, अंग पुढे, आणि नडगीचं हाड पिळून मोडतं. मोठी घसरगुंडी मुलाला एकट्याने झेपत नसेल तर त्याला लहान घसरगुंडीवर न्यावं. २ ते ५ आणि ५ ते १२ अशा वयांच्या पाट्या त्यासाठीच असतात.

जून ते सप्टेंबर दुपारचं मैदान विसरा. तळहाताची उलटी बाजू पाच सेकंद घसरगुंडीवर टेकवून बघा. आपल्याला सोसवत नसेल तर मुलाच्या मांडीला कसं सोसेल? काळपट रबराची जमीनही तशीच तापते. सकाळी दहाच्या आत नाहीतर संध्याकाळी साडेसातनंतर. जूनअखेर सूर्य साडेआठनंतर मावळतो, त्यामुळे जेवणं उरकून निघालं तरी उजेड असतो. पाऊस झाल्यावर दोनतीन दिवस कडेच्या गवतात भुसभुशीत मातीचे ढीग दिसतील, वर भोक नसलेले. ते फायर अँटचे, म्हणजे आग लावणाऱ्या मुंग्यांचे. काडी घालून बघण्याची हौस नको. मुंग्या घोळक्याने काडीवरून हातावर चढतात आणि मग चावतात.

एक बारीक गोष्ट राहिली. मैदान उघडं असलं तरी स्वच्छतागृह बऱ्याच वसाहतींत पोहण्याच्या तलावाच्या कुंपणात असतं आणि ते इलेक्ट्रॉनिक किल्लीने उघडतं. अशी किल्ली घरामागे एक-दोनच मिळते आणि ती नेमकी ऑफिसला गेलेल्या माणसाच्या जुडग्यात असते. आजी-आजोबांचं तिकीट काढलं की जादा किल्लीचा अर्जही भरून टाकावा. आणि एचओएच्या वार्षिक सभेला जावं. गणपतीच्या तयारीला निम्मी मंडळी जमतात, इथे गणसंख्याही पुरी होत नाही. पण बाकावर सावली घालायची की प्रवेशद्वाराशी नवं कारंजं बसवायचं, हे ठरतं त्या अर्ध्या रिकाम्या खोलीत.