कानाने तपासलेली प्रुफे

पुण्यात नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मी ३१ वर्षे मुद्रितशोधक म्हणून काम केले. सुरुवातीच्या काळात प्रुफे तपासायला दोन माणसे बसत. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने हातातल्या गॅलीवर, म्हणजे छापून काढलेल्या कच्च्या प्रतीवर, नजर ठेवून समासात खुणा करायच्या. वाचणारा नुसते शब्द वाचत नसे. ‘दीन, दुसरी वेलांटी, स्वल्पविराम, पुढे अवतरण सुरू’ अशा एकसुरी चालीत तो कागदावरचे प्रत्येक चिन्ह उच्चारत जाई, आणि दुपारी जेवणानंतर त्या चालीने डुलकी येऊ नये म्हणून आम्ही दोघे अधूनमधून जागा बदलत असू. निवृत्तीनंतर काही वर्षांतच काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची बहुतेक दृष्टी नेली. आता घरच्या संगणकावर एक यंत्र मला तसेच वाचून दाखवते आणि मी पुन्हा प्रुफे तपासतो. मात्र या वेळी खुणा करणाऱ्याची नजर नाही, दोन्ही बाजूंना कानच आहेत. त्याने कामात काय बदलले, ते सविस्तर लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

भाच्याने संगणकावर एनव्हीडीए नावाची प्रणाली बसवून दिली. पडद्यावर जे जे अक्षररूपात असते ते ही प्रणाली बोलून दाखवते. तिच्यासाठी एक पैसाही मोजावा लागला नाही. मायकल करन आणि जेम्स टेह या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी ती उभी केली. दोघेही अंध, आणि लहानपणी संगीताच्या एका शिबिरात भेटलेले. करन यांनी २००६ साली कामाला सुरुवात केली, कारण त्या वेळी बाजारात असलेल्या अशा प्रणाली सामान्य माणसाला परवडणाऱ्या नव्हत्या. तिचा मूळ कोड सर्वांसाठी खुला आहे. माझ्यासारख्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला एवढा इतिहास पुरेसा बोलका वाटतो.

पहिले दोन आठवडे मात्र मी तिच्यावर चिडलेलो असे. ती थांबतच नव्हती. मी कळ दाबली की बोले, खिडकी उघडली की बोले, भाच्याने काही न विचारता माऊस हलवला की त्यावरही बोले. तिला गप्प करायला कंट्रोलची कळ दाबायची, हे मला तिसऱ्या दिवशी कळले. नवीन शिकणाऱ्याला मी आज सर्वांत आधी दोनच गोष्टी सांगेन: एक कंट्रोल, आणि दुसरी इन्सर्ट धरून १ दाबणे. या दुसऱ्या आज्ञेनंतर कुठलीही कळ दाबली तरी संगणक तिचे नाव आणि काम सांगतो, पण प्रत्यक्षात काहीच करत नाही. म्हणजे काही बिघडण्याची भीती न बाळगता सगळा कळफलक चाचपून पाहता येतो. मी आठवडाभर रोज अर्धा तास नुसता असा चाचपत बसलो होतो. तोवर इन्सर्ट ही कळ कशासाठी असते हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हते. आता तीच सर्वांत गुळगुळीत झाली आहे.

मराठी टंकलेखनासाठी मी इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कळफलक शिकलो आणि तो दृष्टिहीनासाठीच आखला असावा असे वाटण्याइतका तो सोयीचा निघाला. स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. इंग्रजी एफ आणि जे या कळांवर बोटाला लागणारे जे बारीक उंचवटे असतात, त्यांतल्या डावीकडच्यावर पहिली वेलांटी आहे आणि उजवीकडच्यावर र. दोन्ही तर्जन्या आपापल्या उंचवट्यावर टेकवल्या की हाताखाली ‘रि’ तयारच असते. ‘पत्र’ लिहायचे तर प, त, हलन्त, र अशा चार कळा, म्हणजे तोंडाने ज्या क्रमाने उच्चारतो त्याच क्रमाने. छापखान्यातल्या जुन्या संगणकांवर पहिली वेलांटी दिसायला आधी येते म्हणून आधी टंकावी लागे. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. डोळस माणसाला हा फरक क्षुल्लक वाटेल, पण कानाने लिहिणाऱ्याचे सगळे लेखनच त्या क्रमावर उभे असते.

आवाजाविषयी थोडे. एनव्हीडीएसोबत ई-स्पीक नावाचा वाणीनिर्माता येतो, आणि त्याला मराठी येते. त्याचे मूळ जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ साली एकॉर्न या ब्रिटिश कंपनीच्या संगणकांसाठी लिहिलेल्या एका छोट्या कार्यक्रमात आहे. त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे, हे मान्य. परंतु वेग वाढवला तरी त्याची अक्षरे एकमेकांत मिसळत नाहीत, आणि तपासणीच्या कामाला गोडव्यापेक्षा हा गुण मोलाचा आहे. दुसरा पर्याय विंडोजमधल्या हिंदी आवाजाचा. त्याचे नाव हेमंत, म्हणून आमच्या घरी त्याला हेमंतराव म्हणतात. हेमंतराव कानाला बरे वाटतात, पण ते मनाने हिंदीच आहेत: ‘ज्ञानेश्वर’ त्यांच्या तोंडी ‘ग्यानेश्वर’ होतो, आणि ‘केलं’, ‘गेलं’ यांतल्या ज्या अनुस्वाराचा मराठीत केवळ लांबट अ होतो, तो ते नाकातून काढतात. उच्चारकोशात ‘ज्ञ’च्या जागी ‘द्न्य’ म्हणावे अशी नोंद करून पहिली अडचण मी सोडवली. काही अडचणी मात्र कुठल्याच आवाजाकडून सुटणार नाहीत. सगळे जग आणि पाण्याचा जग, हे लिपीतच सारखे लिहिले जातात. तिथे यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही.

आता मुख्य गोष्ट. कानाच्या चुका आणि डोळ्याच्या चुका वेगवेगळ्या असतात, हे मला ३१ वर्षांत कळले नव्हते.

मुद्रितशोधकाची नजर ज्या ठिकाणी हमखास घसरते ती ठिकाणे मला पाठ होती. घ आणि ध, भ आणि म, ष आणि प. ‘घर’च्या जागी ‘धर’ पडले तर डोळा संदर्भाच्या भरात ‘घर’च वाचून पुढे जातो. इन्स्क्रिप्टवर ग-घ आणि द-ध यांच्या कळा शेजारीशेजारी असल्यामुळे ही चूक टंकतानाही सहज होते. त्याहून फसवी चूक म्हणजे एका ओळीच्या शेवटी ‘आणि’ आणि पुढच्या ओळीच्या आरंभी पुन्हा ‘आणि’. अशा जोडीवरून माझी नजर किती वेळा सरकून गेली असेल याची मोजदाद नाही. कानाला यांतली एकही चूक चुकत नाही. ‘त्याने धर बांधले’ हे ऐकताच अंगावर काटा येतो. दोनदा आलेले ‘आणि’ तर इतके ठसठशीत ऐकू येते की ते डोळ्याला दिसत कसे नव्हते याचेच नवल वाटते. छापील पानावरून टेसरॅक्ट या अक्षरओळख प्रणालीने उतरवलेला मजकूर कोणी पाठवला, तर त्यात याच जोड्यांची सरमिसळ भरपूर असते, आणि तो तपासताना मी माझ्या डोळस दिवसांपेक्षा अधिक वेगाने काम करतो, हे प्रौढी म्हणून नव्हे तर घड्याळ लावून सांगतो.

पण जिथे कान चालत नाही तिथे तो अजिबात चालत नाही. दिन आणि दीन, शिर आणि शीर, सुत आणि सूत, पाणि आणि पाणी. ज्या वेगाने मी ऐकतो त्या वेगाला ऱ्हस्व-दीर्घाचा फरक माझ्या कानाला लागत नाही. श आणि ष यांचे तेच. म्हणजे मराठी शुद्धलेखनात ज्या गोष्टींवरून सर्वाधिक वाद होतात, ज्यांच्यासाठी मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे १४ नियम आणि १९७२ साली त्यांत भर पडलेले आणखी ४ आम्ही काचेखाली ठेवून बसत असू, नेमक्या त्यांच्यापैकी बऱ्याच गोष्टी कानाने वाचणाऱ्याला अदृश्य होतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहावा हा नियम मला झोपेतही म्हणता येतो, पण समोरच्या मजकुरात तो पाळला आहे की नाही हे नुसते ऐकून सांगता येत नाही. ही जाणीव झाली त्या दिवशी मी संगणक बंद करून ठेवला होता.

त्यावरचा उपाय मला त्या जुन्या जोडीदाराच्या आठवणीने सुचला. एनव्हीडीएमध्ये चिन्हांचे उच्चार ठरवण्याची एक यादी असते. कुठले चिन्ह आले की काय म्हणावे हे तिच्यात आपण लिहू शकतो. मी तिथे ि समोर ‘पहिली वेलांटी’, ी समोर ‘दुसरी वेलांटी’ आणि त्याचप्रमाणे पहिला उकार, दुसरा उकार, ‘शहामृगाचा श’, ‘पोटफोड्या ष’ अशी नावे लिहिली. आता संशय आलेल्या शब्दावर थांबून आकड्यांच्या कळसमूहातला ५ दोनदा दाबला की मी वापरतो त्या आवृत्तीत तो शब्द सुटा सुटा ऐकू येतो: ‘द, दुसरी वेलांटी, न’. हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा समोरच्या खुर्चीत कोणी येऊन बसल्यासारखे वाटले. सगळा मजकूर असा सुटा ऐकणे अर्थातच शक्य नाही, दोन पानांना सकाळ जाईल. म्हणून आधी एकदा वेगाने सरळ ऐकायचे, त्यात धर-घर छाप चुका काढायच्या, आणि दुसऱ्या फेरीत फक्त संशयित शब्दांपाशी थांबायचे. संशय कुठे घ्यायचा हे जुना अनुभव सांगतो.

या सुट्या वाचनाने आणखी एक जग उघडले, जे डोळस माणसाला दिसूच शकत नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आले. त्याआधी लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र देत, आणि आजही पुष्कळ जण देतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण मला एक अक्षर ऐकू येते किंवा दोन. ‘दऱ्या’तला ऱ्य सुद्धा दोन वेगवेगळ्या रीतींनी साठवता येतो. एका ग्रंथाच्या सूचीत एकच शब्द दोन ठिकाणी का पडला आहे, हे त्या संपादकांना कळत नव्हते. मी दोन्ही नोंदी सुट्या ऐकल्या आणि कारण सांगितले. त्यांना ते खरे वाटायला थोडा वेळ लागला.

सर्वांत मोठे दुःख मात्र जुन्या फाँटांचे आहे. युनिकोड रुजण्यापूर्वी छापखान्यांत जे मराठी फाँट वापरात होते, त्यांत फाइलीमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे साठवलेली असत आणि फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवत असे. पडद्यावर सुंदर मराठी दिसते. वाचक-प्रणालीला मुखवटा दिसत नाही, म्हणून ती मागची रोमन अक्षरे, कंस आणि टक्केवारीची चिन्हे वाचत सुटते. मी स्वतः तपासलेल्या पुस्तकांच्या फाइली एका तबकडीवर जपून ठेवल्या होत्या. त्यांतली एक उघडली तेव्हा संगणक कुठल्याच भाषेत नसलेले काहीतरी पाच मिनिटे बोलत राहिला आणि मी, वेडी आशा धरून, पाच मिनिटे ऐकत राहिलो. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, पण जोडाक्षरांपाशी ती अडखळतात, म्हणून माझीच पुस्तके मी आता दुसऱ्यांदा तपासतो आहे. दोन झाली.

संकेतस्थळांविषयी फार लिहीत नाही, कारण लिहू लागलो तर तक्रारवहीच होईल. ज्यांनी शीर्षकांना शीर्षक म्हणून नोंदवले आहे त्या पानांवर, उदाहरणार्थ मराठी विकिपीडियावर, एच ही कळ दाबत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर झरझर जाता येते. ज्यांनी ते केलेले नाही तिथे ‘बटन, बटन, बटन’ एवढेच ऐकू येते आणि कोणते बटन पैसे पाठवते व कोणते अर्ज पुसते हे नशिबावर सोडावे लागते. एका सरकारी अर्जाच्या शेवटी वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहायची होती. ती ओळखायला सौ.ला स्वयंपाकघरातून बोलवावे लागले, आणि ती हात पुसून येईपर्यंत अर्जाची मुदत संपून पान पहिल्या पायरीवर गेले.

तिच्याविषयी एक सांगायचे राहिले. पडदा काळा करून ठेवण्याची सोय या प्रणालीत आहे. मला पडद्याचा उपयोग नसल्याने मी ती वापरतो. दिवा न लावता, काळ्या पडद्यासमोर बसून मी टंकत असतो, हे पाहून ती पहिल्यांदा दचकली होती. आता तिला सवय झाली आहे. हा मजकूर लिहून झाल्यावर मी नेहमीप्रमाणे दोन फेऱ्या ऐकला, चार चुका काढल्या, आणि मग पडदा उजळून तिला वाचायला बोलावले. तिने चष्मा लावला आणि दुसऱ्याच परिच्छेदात बोट ठेवले. मी ‘आणि’ दुसऱ्या वेलांटीने लिहिले होते. इतका नेहमीचा शब्द, त्यावर मला संशयच आला नव्हता.