फळांच्या कोशिंबिरी: पेरू जमला, अननसाने रडवलं

जानेवारीत ठरवलं, काकडी-गाजर पुष्कळ झालं, यंदा कोशिंबिरी फळांच्याच करायच्या आणि वहीत टिपून ठेवायच्या. पाच महिन्यांचा हा हिशेब.

जानेवारी, पेरू. पहिल्या खेपेला छान पिकलेला घेतला आणि दह्यात त्याचा लगदा झाला. कोशिंबिरीला पेरू करकरीतच हवा, साल नुकती पिवळसर व्हायला लागलेली. दुसऱ्या खेपेला मधला बियांचा गोळा काढून टाकणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, चव त्यातच असते!" मग तो गाळणीवर घासला. गर दह्यात उतरला, बिया वर राहिल्या. वरून तुपात जिरं, हिंग, हिरवी मिरची, मग दाण्याचं कूट. साखर चिमूटभर. त्या गराने दह्याला जो वास लागला, तो नुसत्या फोडींनी कधीच लागला नसता. सासूबाईंना तसं सांगितलं नाही अजून.

(पेरूवाले ज्याला लखनौ-४९ म्हणतात तो आपल्या पुण्याचाच. अलाहाबादी पेरूच्या बियांपासून गणेशखिंडीच्या बागेत १९२७ साली निवडलेला. सरदार म्हणतात तोही हाच.)

मार्च, द्राक्षं. अर्धी चिरून, दही, मोहरीची पूड. पहिल्याच झटक्यात जमली. पुढे.

एप्रिल, कलिंगड. इथे आठवडाभर अडकले. फोडी, पुदिना, लिंबू, मीठ कालवून फ्रीजमध्ये ठेवलं आणि जेवायला बसेपर्यंत सरबत झालं होतं. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, त्यात मीठ पडलं की ते बाहेर येणारच. एकदा मुद्दाम चारशे ग्रॅम फोडींना अर्धा चमचा मीठ लावून चाळणीवर ठेवल्या. वीस मिनिटांत खाली अर्धी वाटी पाणी. (ते प्यायले. झकास होतं.) आता फोडी कोरड्याच गार करते. मीठ आणि लिंबू पानं वाढल्यावर, ताटातच. सालीलगतचा पांढरा भाग टाकत नाही. तो किसून, पिळून, दह्यात घातला की काकडीच्या कोशिंबिरीला मागे सारतो.

मे, अननस. पाहुणे यायचे म्हणून सकाळीच दह्यात कालवून ठेवला. दुपारी पहिला घास घेतला आणि दही कडू. नासकं नाही, आंबटही नाही, औषधासारखं कडू, आणि पातळ झालेलं. दह्याला दोष देऊन दुसरं विरजण लावलं, तरी तेच. दोष दह्याचा नव्हताच. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचं द्रव्य असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि त्या तुकड्यांची चव कडू लागते. उष्णतेने ते निकामी होतं. म्हणून डब्यातला अननस दह्यात चालतो, तो आधीच तापवलेला असतो. आता फोडी चमचाभर साखरेत पाच-सात मिनिटं शिजवते, पूर्ण गार करते, मग दही. कडूपणा गेला, पण करकरीतपणाही गेला, त्यामुळे मन भरलं नाही.

उपाय गोव्याच्या शेजारणीकडे निघाला: सासव. ओलं खोबरं, सुकी मिरची, गूळ आणि मोहरी वाटून त्यात पिकलेल्या आंब्याच्या आणि न शिजवलेल्या अननसाच्या फोडी. दह्याचा संबंधच नाही, त्यामुळे ब्रोमेलेनला तोडायला दूध सापडत नाही. मी मोहरी दोन चमचे घातली आणि कडूपणा दुसऱ्या दाराने परत आला. शेजारणीने चव घेऊन वाटीकडे पाहिलं, "मोहरी नाकाला कळली पाहिजे, जिभेला नाही गं." अर्ध्या चमच्यावर आणली. तीही मिक्सरमध्ये शेवटी, खोबरं बारीक झाल्यावर, दोन फेऱ्यांपुरतीच.

तीन आंबे, पाव अननस, एक वाटी खोबरं, एवढं सहा माणसांना पुरलं. जून लागला की जांभळं. त्यांचं दही जांभळं होणार हे धरूनच चालले आहे, पांढरा टेबलक्लॉथ आतापासून कपाटात ठेवलाय.