फक्त ओठ हलव

पाचवीत असताना गॅदरिंगच्या समूहगीतात मी दुसऱ्या रांगेत होतो. तालमीच्या तिसऱ्या दिवशी गाण्याच्या सरांनी मधेच पेटी थांबवली, रांगेतून फिरत माझ्यापाशी आले, कान माझ्या तोंडाजवळ आणला आणि हळूच म्हणाले, "तू फक्त ओठ हलव." रागावले नाहीत, उलट पाठीवर हात ठेवला. त्या वर्षी मी ओठ हलवले. पुढे सवयच लागली. गणपतीच्या आरतीला ओठ, शाळेच्या प्रार्थनेला ओठ, लग्नात मंगलाष्टकांना तर बोलायलाच नको. नंतर मी स्वतः मास्तर झालो, गणिताचा. तिथे गावं लागत नाही.

2011 मध्ये तीन वर्षांच्या करारावर अमेरिकेत शिकवायला गेलो. साउथ कॅरोलायनातली ब्यूफर्ट काउंटी. गायिका कँडिस ग्लोव्हरचा हा मुलूख. लिहायचंय ते तिच्याबद्दल, पण आधी थोडं बाकीचं. (ब्यूफर्टच म्हणायचं. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनात हेच स्पेलिंग असलेलं गाव आहे, ते बोफर्ट. पहिल्याच आठवड्यात मी चुकलो आणि अख्खा वर्ग खिदळला.) अमेरिका म्हणजे उंच इमारती आणि बर्फ, अशी माझी समजूत. गाडी पूल ओलांडून सेंट हेलेना बेटावर शिरली आणि उघड्या काचेतून ओहोटीच्या चिखलाचा वास आला. देवगडच्या खाडीचाच वास. दोन्ही बाजूंना मैलोगणती खाजण, त्यात लव्हाळ्यासारखं उंच गवत, कडेला चिखलात रुतलेली कालवं. धक्क्यावर एक म्हातारा दातात जाळ्याची कड धरून पाग फेकत होता, अगदी आमचे आजोबा धरायचे तशी. फरक एवढाच की किनाऱ्यावर माडांऐवजी प्रचंड ओकची झाडं होती आणि त्यांच्या फांद्यांवरून करड्या शेवाळाच्या जटा लोंबत होत्या.

ही गुल्ला लोकांची भूमी. पश्चिम आफ्रिकेच्या भातपिकवणाऱ्या किनाऱ्यावरून, सिएरा लिओन आणि त्याच्या आसपासच्या मुलखातून धरून आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांची बोली इंग्रजी आणि आफ्रिकी भाषा मिळून झालेली, स्वतंत्र व्याकरणाची. 'ऊना' म्हणजे तुम्ही, 'न्याम' म्हणजे खाणं. लोकांना पूर्वी ती मोडकी इंग्रजी वाटायची. लोरेन्झो डाउ टर्नर या भाषाशास्त्रज्ञाने 1949 च्या आपल्या पुस्तकात तिच्यातले हजारो शब्द आफ्रिकेतल्या कुठल्या भाषांतले ते दाखवलं, तेव्हा कुठे पंडितांची तोंडं बंद झाली. मालवणीला अशुद्ध मराठी म्हणणाऱ्यांची आठवण मला इथे उगाच झाली नाही.

माझ्या शाळेच्या कँटीनमध्ये एक बाई होत्या. साठी ओलांडलेली, अंगाने थोराड, डोक्यावर जाळीची टोपी. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. मनात मी त्यांना मावशीच म्हणायचो. त्या मला 'बेबी' म्हणायच्या. अर्थात त्या प्राचार्यांनाही बेबीच म्हणत. नोव्हेंबरात एकदा ताटात लाल भात वाढता वाढता त्यांनी विचारलं, "शनिवारी पेनला येतोयस ना?" मला वाटलं, लिहायचं पेन.

पेन म्हणजे पेन स्कूल. त्याची गोष्ट थोडी मागून सांगायला हवी. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 7 नोव्हेंबर 1861 ला, उत्तरेच्या आरमाराने इथल्या खाडीच्या तोंडाशी तोफा डागल्या आणि बेटांवरचे गोरे मळेवाले घरदार टाकून पळाले. बेटावर तो दिवस अजून 'मोठ्या तोफांचा दिवस' म्हणूनच ओळखतात. मागे राहिले सुमारे 10,000 गुलाम, आता धनी नसलेले. पुढच्या वर्षी लॉरा टाउन आणि एलेन मरी या दोघी उत्तरेतून आल्या आणि त्यांनी शाळा काढली. जागा अपुरी पडली तेव्हा वर्ग विटांच्या चर्चमध्ये भरू लागले. ते चर्च 1855 मध्ये गुलामांनीच बांधलेलं, आणि त्यात त्यांची बसायची जागा तेवढी वरच्या सज्जात. शार्लट फोर्टन ही कृष्णवर्णीय शिक्षिकाही पहिल्याच वर्षी येऊन मिळाली. टाउनबाई पुढची चाळीस वर्षं, 1901 मध्ये मरेपर्यंत, तिथेच राहिल्या. तिथल्या छोट्या संग्रहालयात हे सगळं वाचत असताना मला जोतीराव आठवले. 1873 मध्ये 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांतल्या दोघींचे फोटो समोर भिंतीवर होते. जोतीरावांना यांची नावं ठाऊक असण्याचं काही कारण नाही. तरी मी त्या भिंतीपुढे बराच वेळ उभा राहिलो.

शाळा म्हणून पेन 1948 मध्ये बंद झालं, पण संस्था चालू राहिली. गोरे आणि काळे एका छपराखाली मुक्काम करू शकतील अशा जागा त्या काळी दक्षिणेत हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. म्हणून 1960 च्या दशकात मार्टिन ल्यूथर किंग सहकाऱ्यांना घेऊन बैठकांसाठी इथे येत. आता संस्थेचं एक मोठं काम म्हणजे जमिनी वाचवणं. आजोबा-पणजोबांनी घेतलेली जमीन, मृत्युपत्र नाही, वारस चाळीस, त्यातला एक दूरच्या शहरातला वारस हिस्सा विकून बसतो आणि सगळंच लिलावाला निघतं. मावशींनी हे समजावून सांगायला घेतलं तेव्हा मी म्हणालो, सांगू नका, आमच्या सातबाऱ्यावर सव्वीस नावं आहेत.

तर दर नोव्हेंबरात त्या आवारात हेरिटेज डेज भरतात. तीन दिवसांचं गॅदरिंगच. आपल्याकडच्यासारखीच मंडपाची धावपळ, माईकची खरखर, 'हॅलो हॅलो' करणारा एक उत्साही गृहस्थ आणि कुणाचं तरी हरवलेलं पोर. शनिवारी सकाळी शाळांच्या बँडची मिरवणूक निघते. पोरं दप्तराएवढे ढोल घेऊन चालतात आणि रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेल्या आज्या नाव घेऊन हाका मारतात, की बँडमधलं पोर लाजून ताल चुकतं. झाडांखाली गवताच्या टोपल्या विणणाऱ्या बायका. एकीच्या हातात चमचा होता, दांड्याचं टोक घासून चपटं केलेला. त्याने ती विणीत फट पाडायची आणि पात्याची पट्टी आत सरकवायची. मी पंधरा मिनिटं बघत उभा होतो. तिने मान वर न करता विचारलं, "घेणारेस की शिकणारेस?" किंमत ऐकून म्हणालो, शिकणार आहे.

आणि खाणं! तळलेला मासा, लाल भात, कोळंबी-मका-बटाटा-सॉसेज एकत्र उकडलेलं फ्रॉगमोर स्ट्यू. फ्रॉगमोर हे याच बेटावरचं ठिकाण. पत्र्यावर ओलं गोणपाट टाकून त्याच्या वाफेत भाजलेली कालवं ढीगच्या ढीग टेबलावर ओततात, सुरीने उघडायची आणि उभ्याउभ्या खायची. मी पहिल्या फटक्यात इतकी सफाईने उघडली की शेजारचा माणूस म्हणाला, "हा इथलाच आहे."

पण खरी मजा गाण्याची, आणि त्यासाठी नोव्हेंबरची वाट पाहावी लागत नाही. पेनमध्ये फ्रिसेल हॉल म्हणून 1925 ची इमारत आहे. तिथे अधूनमधून रविवारी संध्याकाळी 'कम्युनिटी सिंग' असतं, जुन्या शाळेपासून चालत आलेलं. मी गेलो आणि सवयीने प्रेक्षकांची जागा शोधू लागलो. तशी जागाच नव्हती. समोर एक आजोबा उठले आणि त्यांनी एक ओळ नुसती सोडली, सुराला फार जपून वगैरे नाही. याला तिथे गाणं 'उचलणं' म्हणतात. मग बाकीच्यांनी झील धरली. भजनात बुवा आणि झीलकरी, तोच कारभार. फक्त टाळ-पखवाज नाही. 1739 च्या गुलामांच्या स्टोनो बंडानंतर साउथ कॅरोलायनाने त्यांना ढोल वाजवायला कायद्याने बंदी केली, आणि ताल गेला हातापायांत. फळ्यांच्या जमिनीवर टाच, तळहात पोकळ करून एक टाळी, बोटं सरळ ठेवून दुसरी, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत शिरणारी तिसरी. गणिताचा मास्तर असून मला ती तिसरी टाळी तीन वर्षांत मोजता आली नाही.

वल्हवतानाची गाणीही याच बेटांची. 'माइकल, रो द बोट अशोर' हे जगभर गायलं गेलेलं गाणं यादवी युद्धाच्या काळात याच सेंट हेलेनावर, कॉफिन पॉइंटच्या मळ्यावर कागदावर उतरवलं गेलं आणि 1867 मध्ये छापलं. वल्ह्याच्या एका झटक्याला एक ओळ. होडी माहीत असलेल्याला ते ऐकताक्षणी कळतं, कारण श्वास बरोबर तिथेच तुटतो.

मी ओठ हलवत होतो. शेजारी मावशी होत्या, हातात जाहिरात छापलेला पुठ्ठ्याचा पंखा. दुसऱ्या गाण्याला त्यांनी पंखा थांबवला, वाकून कान माझ्या तोंडाजवळ आणला. मला घामच फुटला. त्या म्हणाल्या, "बेबी, मला काहीच ऐकू येत नाहीये."

हे सगळं सांगितल्याशिवाय कँडिस ग्लोव्हरबद्दल लिहिण्यात अर्थ नव्हता. 1989 मध्ये या बेटावर जन्मलेली, सात भावंडांतली थोरली, लहानपणापासून चर्चमध्ये गाणारी. अमेरिकन आयडॉल या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेला ती आधी दोनदा गेली आणि दोन्ही वेळा परत आली. 2013 मध्ये तिसऱ्यांदा गेली. त्या वसंतात आमच्या गावात दुसरा विषय नव्हता. दुकानांच्या काचांवर तिचे फोटो, आणि आठवीतल्या मुली घटकचाचणीच्या पेपरामागे तिला किती मतं पडतील याचा हिशेब मांडत. मी तो तपासलासुद्धा. गुणाकार चुकला होता.

एप्रिलमध्ये तिने 'लव्हसाँग' म्हटलं. मूळ गाणं एका ब्रिटिश रॉक बँडचं, चपळ चालीचं. हिने ते संथ केलं. एका ओळीवर थांबायची, ती ओळ वर न्यायची, मोडायची, पुन्हा जोडायची. परीक्षक उभे राहिले. टीव्हीवर पंडित मंडळी तिच्या गळ्याबद्दल बोलत होती. मला मात्र फ्रिसेल हॉलमधले आजोबा दिसत होते: ओळ सोडून देतात आणि झील यायची वाट बघतात, तशीच ती थांबत होती. स्टुडिओत झील धरणारं कोणी नव्हतं, म्हणून उत्तरही तिलाच द्यावं लागत होतं. हे माझं मत. संगीतातलं मला कळत नाही हे वर आलंच आहे.

16 मे च्या रात्री ती जिंकली. मावशींच्या घरी बारा-पंधरा जण टीव्हीपुढे बसलो होतो. नाव जाहीर झालं तेव्हा जो आवाज उठला तो ओरडण्याचा नव्हता. कुणीतरी गाणंच उचललं, आणि टीव्हीवर कँडिस काय गातेय ते कुणालाच ऐकू आलं नाही. पुढे 2014 मध्ये तिचा अल्बम आला, तो म्हणावा तसा खपला नाही. मुंबई-पुण्यात असं झालं की लोक 'संपली' म्हणतात. मावशींना मी हे बोललो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारतोय, यंदा भरती येणार का.

ती जिंकली त्या वर्षीचे, 2013 चे, हेरिटेज डेज माझे तिसरे आणि शेवटचे. मिरवणूक पाहिली, कालवं खाल्ली. संध्याकाळी झाडाखाली दहा-वीस जण आपापल्या खुर्च्या घेऊन बसले होते, मावशी मधोमध. त्यांनी गाणं उचललं आणि मी झील धरली. तोंड उघडून, पाचवीनंतर प्रथमच. माझ्या वर्गातला एक पोरगा पुढे गवतात बसला होता. त्याने मागे वळून दोन क्षण माझ्याकडे बघितलं, "सर, तुमचा सूर पार भलतीकडे चाललाय," म्हणाला, आणि पुढे वळून टाळ्या वाजवायला लागला. ती तिसरी टाळी.